दिवे मालवल्यावर

[दृश्य : संध्याकाळ. मैदानाभोवतीच्या घरांतले दिवे एकेक करून मालवत जातात.]

हिवाळ्याची सुट्टी लागून तीन दिवस झालेत. आज या गल्लीतली मुलं कुणी हाका न मारताच जेवून, स्वेटर घालून मैदानात हजर आहेत. कारण आठ वाजता सगळ्यांनी मिळून एक काम करायचं ठरलंय. तारे बघायला बाहेरचे दिवे बंद करायचे, दीड-दोन तासांसाठी.

वाटतं तितकं हे सोपं नाही. एका घरानं दिवा मालवून भागत नाही. समोरच्या गच्चीवरचा एक झगझगीत दिवा राहिला, तरी अख्ख्या मैदानावरचं आकाश फिकं पडतं. म्हणून आठवडाभर आधी मुलं दारोदार जाऊन सांगून आली. कुणी लगेच हो म्हणालं, कुणी काळजीपोटी का-कू केलं. शेवटी जिन्यातले आणि फाटकावरचे दिवे तेवढे चालू ठेवायचे, बाकीचे मालवायचे, असं ठरलं. या सगळ्या खटाटोपात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दुर्बीण कुठूनही आणता येते. अंधार मात्र शेजाऱ्यांकडे मागावा लागतो.

[दृश्य : त्याच दिवशीची दुपार. उन्हात उभी रोवलेली काठी, जमिनीवर खडूच्या खुणा.]

सुरुवात तशी दुपारीच झाली होती. मैदानाच्या कोपऱ्यात एक सरळ काठी रोवलीय. दर दहा मिनिटांनी एक जण तिच्या सावलीच्या टोकाशी खडूनं टिंब काढतो. सावली आखडत जाते, क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि पुन्हा लांबायला लागते. सर्वांत आखूड सावली पडते तो खरा मध्यान्ह. घड्याळातले बारा आणि हा मध्यान्ह बहुतेक वेळा जुळत नाहीत, हे कळल्यावर मुलं घड्याळाकडेच संशयानं बघतात.

उत्तर गोलार्धात 21 किंवा 22 डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो आणि मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब. आजचं टिंब पुसायचं नाही. सुट्टी संपताना पुन्हा मोजायचं. फरक पडेल तो बोट-दोन बोटांचाच, पण तो आपल्या हातानं मोजलेला असेल.

इथंच एक मुलगा विचारतो, "सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते ना?" उत्तर ऐकून मोठी माणसंसुद्धा चमकतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब असते, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. मग थंडी का? एक ताई टॉर्च घेते आणि भिंतीवर सरळ धरते. लहानसा, लख्ख गोल उमटतो. मग तीच टॉर्च तिरकी करते. गोल लांबोळका होतो, पसरतो, मंद पडतो. उजेड तेवढाच, पण जास्त जागेत वाटला गेलेला. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे या दिवसांत आपल्या वाट्याला असंच तिरकं ऊन येतं, आणि तेही थोडा वेळ.

[दृश्य : रात्र. मैदानात अंथरलेल्या सतरंज्या, शाली, दोन-तीन खुर्च्या.]

शेवटचा दिवा मालवतो. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही आणि लहान मुलं कुरकुरतात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच कुणी मोबाईल उघडला की सगळं पहिल्यापासून. म्हणून टॉर्चच्या काचेवर लाल कागद ताणून रबरबँडनं बसवलाय. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. त्या लाल उजेडात आजी चष्मा पुसतात, कुणी बाळाच्या अंगावरची शाल सारखी करतं, आणि वरचं आकाश तसंच राहतं.

पश्चिमेला चंद्राची कोर मावळतीकडे झुकलीय. साध्या द्विनेत्रीतूनही तिच्या आतल्या कडेवर, जिथं उजेड संपून अंधार लागतो तिथं, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात. कोर मावळते आणि पूर्वेकडचं आकाश गडद होतं.

मृग ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. चार तारे चौकोनात, आणि पोटात एका ओळीत तीन. तोच त्रिकांड बाण. बाणाची रेघ वरच्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांत किती तारे दिसतात ते ज्यानं त्यानं मोजायचं. बहुतेकांचं उत्तर सहा येतं. त्रिकांडाच्या उजवीकडे, जरा खाली, एक पुसट ठिपका आहे. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, आणि त्यात नवे तारे जन्माला येताहेत. त्याच्याकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवली तर तो अधिक ठळक दिसतो. डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात, कडेला भरपूर असतात. "बघितलं की जातो, नाही बघितलं की येतो!" असं ओरडत दोन भावंडं हाच खेळ किती तरी वेळ खेळतात.

आणि त्रिकांडाची रेघ खाली, क्षितिजाकडे आणली की व्याध. आकाशातल्या ताऱ्यांत तेजानं पहिला. आत्ताच उगवून वर आलाय. एक मुलगी सतरंजीवर पालथी पडून त्याच्याकडे टक लावून बसलीय. "लाल झाला... आता निळा... परत पांढरा." तिचं बरोबर आहे. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. त्या थरांतली गार-उबदार हवा हलत राहते आणि एकेक रंग इकडेतिकडे वळवत राहते.

ही मुलगी साडेआठ वर्षांची आहे. व्याधाचं अंतर 8.6 प्रकाशवर्षं, म्हणजे तिथून इथं यायला उजेडाला 8.6 वर्षं लागतात. आत्ता तिच्या डोळ्यांत शिरणारा उजेड व्याधावरून निघाला, तो जवळपास तिच्या जन्माच्या वेळी.

हे सांगितल्यावर मैदानात जे सुरू होतं, त्याची आम्ही तयारी केली नव्हती. प्रत्येकाला आपापला तारा हवा असतो. साडेअकरा वर्षांच्या दादाला प्रश्वा मिळतो, व्याधाच्या डावीकडे, थोडा खाली. चौतीस वर्षांच्या आईला पुनर्वसूतला पोलक्स. बेचाळीस-त्रेचाळिशीतल्या दोन शेजाऱ्यांना मिळून एकच, डोक्याकडे चढलेला पिवळसर ब्रह्महृदय. रोजची ओळख नमस्कारापुरतीच असलेले ते दोघे आता मान वर करून शेजारी शेजारी उभे आहेत.

खुर्चीत बसलेले आजोबा काही बोलत नाहीत. नात त्यांचा हात धरून तो वर करते आणि मुठीनं आकाश मोजत नेते. हात पुरता लांब केला की मूठ साधारण दहा अंश झाकते. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, म्हणून दोघांचंही माप जवळपास सारखंच येतं. त्रिकांडापासून वर, दोन मुठी आणि थोडं. रोहिणी. सुमारे 65 प्रकाशवर्षं. आजोबांनी गेल्याच वर्षी पासष्टी ओलांडलीय.

"म्हणजे माझ्या आईनं मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, त्या सुमाराचा हा उजेड," आजोबा म्हणतात. मग बराच वेळ तिकडेच बघत राहतात.

मृगाच्या पायाशी चमकणारा राजन्य कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्याचा उजेड आठशेहून अधिक वर्षांपूर्वी निघालाय.

[दृश्य : आईच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं बाळ, झोपलेलं.]

व्याधवाल्या मुलीला भाऊ आहे, दोन वर्षांचा. ती विचारते, "बाळाचा कुठला?"

दोन प्रकाशवर्षांवर तारा नाही. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर आहे, आणि तोही इतका मंद की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ती थोडा वेळ गप्प राहते. मग बोटांवर काही तरी मोजते आणि आईच्या कानात सांगते, "याचा उजेड निघालाय. अजून वाटेत आहे."