पायलटने खुर्ची कधी सोडायची? साठ, पासष्ट की सदुसष्ट?

नमस्कार मंडळी. तारीख लक्षात ठेवा, १२ डिसेंबर २००७. समजा, अमेरिकेतल्या एका कॅप्टनचा त्या दिवशी साठावा वाढदिवस. नियमाप्रमाणे त्याचं प्रवासी विमान उडवणं बंद. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश सही करतात आणि मर्यादा पासष्टवर जाते. पण ज्यांची साठी आधीच भरली, त्यांना बहुतेक दारं बंदच. परत यायचं तर नव्या भरतीसारखं, सीनियॉरिटी लिस्टच्या तळाशी. एका दिवसाने माणसाची पाच वर्षं गेली. मला हे फार लागतं.

मुळात साठ हा आकडा आला कुठून? १९५९ साली ‘अमेरिकन एअरलाइन्स’ या कंपनीला आपले वयस्क वैमानिक साठीला घरी पाठवायचे होते. वैमानिक लवादात गेले आणि जिंकले. तेव्हा कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक नियामक संस्थेचे, प्रमुख एलवुड केसाडा यांना पत्र लिहिलं. जेट विमानं नुकती आली होती, सुरक्षेचं कारण पुढे आलं, आणि १५ मार्च १९६० पासून नियम सगळ्या देशाला लागू झाला. केसाडा पुढे त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले.

आता तिथल्या वैमानिकांची संघटना, अल्पा. तिने या नियमाला आधी कडाडून विरोध केला. १९८० मध्ये पाठिंबा दिला. २००७ मध्ये पासष्ट मान्य केलं. २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाने सदुसष्टचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा पुन्हा विरोध, या वेळी मर्यादा वाढवायला. कारण वैमानिकाचं सगळं सीनियॉरिटीवर चालतं: कोणतं विमान, कोणता मार्ग, दिवाळीला किंवा नाताळला सुट्टी मिळणार की नाही, सगळं. वरचा कॅप्टन दोन वर्षं जास्त कामावर राहिला की खालचा को-पायलट दोन वर्षं अडकतो. दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं.

शेवटी २०२४च्या कायद्यात पासष्टच राहिलं. एक अडचण खरीच होती: आंतरराष्ट्रीय उड्डाणांना इकाओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेची, मर्यादा पासष्टची. म्हणजे सदुसष्टपर्यंत थांबलेल्या कॅप्टनला परदेशी मार्ग सोडून देशांतर्गत विमानावर यावं लागलं असतं, नव्या ट्रेनिंगसह. भारतातही मर्यादा पासष्टचीच आहे. जपान मात्र अटी घालून त्याच्या पुढे जाऊ देतं.

माझं मत सांगतो. अमेरिकेत चाळिशीनंतर कॅप्टनची मेडिकल दर सहा महिन्यांनी होते, ईसीजी दरवर्षी. हृदय तपासलं जातं. पण वयाबरोबर जे हळूहळू निसटतं, म्हणजे लक्ष, स्मरण, निर्णयाचा वेग, त्याची ठरलेली चाचणी या मेडिकलमध्ये नाही. सिम्युलेटरच्या परीक्षेत ते थोडंफार दिसतं, तेवढंच. आधी ही चाचणी आणा, सगळ्यांना, पन्नाशीच्या माणसालाही. मग सदुसष्टबद्दल बोलू. १९५९मध्ये आकडा आधी ठरला आणि तपासणीचा विचार मागे पडला. तीच चूक उलट्या दिशेने करू नका.