अँजेलिक कर्बर: साधारण सर्व्हिस, अव्वल क्रमांक

जर्मन महिला टेनिस म्हटलं की आपल्याला स्टेफी ग्राफ आठवते. पण तुमच्यापैकी जे मुलांना टेनिस शिकवतात, त्यांनी अँजेलिक कर्बरचे सामने जास्त पाहावेत. ग्राफचा फोरहँड उपजत होता. कर्बरच्या खेळातलं बरंच काही घोटून घेता येतं.

जन्म 1988 चा, ब्रेमेनमधला, वाढली कीलमध्ये. 2003 मध्ये व्यावसायिक झाली आणि पुढची आठ वर्षं फारशी कुणाच्या नजरेत आली नाही. 2011 च्या यूएस ओपनला जागतिक क्रमवारीत 92 व्या क्रमांकावर असताना तिने थेट उपांत्य फेरी गाठली, तेव्हा लोकांनी नाव नीट वाचलं.

तिचं दुखणं शेवटपर्यंत एकच होतं: दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी संधी. ती लिहिते उजव्या हाताने, खेळते डाव्या. दुसरी सर्व्हिस संथ यायची आणि समोरची खेळाडू पुढे सरकून तिच्यावर तुटून पडायची. मग ती गेम राखायची कशी? डावखुरेपणाच्या जोरावर. डावीकडच्या चौकोनात तिची फिरकी सर्व्हिस उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँडच्या बाजूने कोर्टाबाहेर ओढते. 40-30, 30-40 आणि अॅडव्हान्टेज (40-40 नंतरची एका गुणाची आघाडी) हे गेम ठरवू शकणारे सगळे गुण त्याच बाजूला खेळले जातात, हे विसरू नका.

आता तो प्रसिद्ध बसका बॅकहँड. चेंडू खोल आणि वेगात आला की बहुतेक खेळाडू दोन पावलं मागे जातात. कर्बर बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेषा, सोडत नाही. गुडघे जवळजवळ जमिनीला टेकवते आणि टप्पा पडून वर येणारा चेंडू तिथल्या तिथे घेते. डोळे चेंडूच्या पातळीला येतात, रॅकेटचं तोंड स्थिर राहतं, आणि प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरून फटका डाऊन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ, वळवता येतो. मुलं नक्कल करताना गुडघ्यांऐवजी कमरेत वाकतात. मग वजन मागे पडतं, रॅकेटचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू लांब जातो. मांड्यांत ताकद येईपर्यंत हा फटका शिकवूच नये. गुडघ्यांवर फार भार येतो.

याचं फळ 2016 मध्ये दिसलं, पण थोडक्यात हुकलंच असतं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत जपानच्या मिसाकी दोईविरुद्ध तिने मॅचपॉइंट वाचवला, म्हणजे ती हरण्यापासून एकाच गुणावर होती. अंतिम फेरीत सेरेना विल्यम्सला 6-4, 3-6, 6-4 हरवलं. सेरेनाच्या अनफोर्स्ड एरर (समोरच्याच्या दबावाविना झालेल्या स्वतःच्या चुका) 46, कर्बरच्या 13! सेरेनाला प्रत्येक गुणासाठी एक फटका जास्त मारावा लागत होता, म्हणून ती रेषेच्या आणखी जवळ मारत गेली आणि चुकत गेली. त्याच वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरी, रिओ ऑलिंपिकचं रौप्यपदक, यूएस ओपनचं विजेतेपद आणि वयाच्या 28 व्या वर्षी जगात पहिला क्रमांक.

2017 मात्र वाईट गेलं. एकही स्पर्धा जिंकली नाही आणि वर्षअखेरीस पहिल्या विसातूनही बाहेर पडली. केवळ परतवत राहणाऱ्या खेळाडूचे पाय किंचित जड झाले की सगळंच घसरतं. संथ सर्व्हिस मदतीला येत नाही. नंतर विम फिसेट प्रशिक्षक म्हणून आले आणि 2018 मध्ये ती पुन्हा उभी राहिली. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत सेरेनाला 6-3, 6-3 हरवताना तिच्या अनफोर्स्ड एरर फक्त पाच होत्या. माझ्या मते तिचा सर्वांत निर्दोष सामना हाच. गवतावर चेंडू खाली राहतो, आणि तिचा बसका फटका त्याच उंचीसाठी घडलेला आहे.

मातीवर चित्र उलटं होतं. चेंडू खांद्यापर्यंत उसळतो, बसून घ्यायला काही उरत नाही, वेगही मरतो. म्हणूनच फ्रेंच ओपनमध्ये ती कधीच उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेली नाही, आणि चार ग्रँड स्लॅम, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी तेवढी एकच तिच्याकडे नाही.

मुलीच्या जन्मानंतर 2024 मध्ये ती परतली. निरोपासाठी तिने पॅरिस ऑलिंपिक निवडलं, म्हणजे फ्रेंच ओपन जिथे होते त्या रोलाँ गॅरोची तीच माती. पहिल्या फेरीत नाओमी ओसाकाला हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत, 36 व्या वर्षी, चीनच्या झेंग चिनवेनला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेचलं आणि 8-6 ने हरली. झेंगने पुढे सुवर्णपदक जिंकलं.