‘मार’ म्हणू नका

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पाटाकडील विरुद्ध शिवाजी : रविवारचा फुटबॉल सामना कुठं ठरणार?’ मला चाळीस मिनिटं कबूल केली होती. त्यातली पंधरा सत्कारात गेली. नारळ परत घ्या, पण मिनिटं द्या.

आधीच सांगून टाकतो, मी मंगळवार पेठेचा, म्हणजे पाटाकडीलचा. तिसऱ्या रांगेत शिवाजी पेठ हाताची घडी घालून बसलीय, ती मला इथनं दिसतेय. घाबरू नका, आज मी तुमच्याविरुद्ध बोलणार नाही. आज मी गॅलरीविरुद्ध बोलणार आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याविरुद्ध.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल तालमीतनं आला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. (तिसरी रांग म्हणतेय, आमचं तरुण मंडळ आहे, तालीम नव्हे. मान्य. पण स्वभाव तालमीचाच, एवढं तरी कबूल करा.) शाहू महाराजांनी 1912 साली कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं, आणि तिथं बसून आमच्या आज्या-पणज्यांना एक सवय लागली : निकाल पाहिजे. पैलवानांची नुसती खडाखडी किती वेळ चालवून घेणार? पाच मिनिटं झाली की वरनं हाक येते, ‘अरे, धर की!’ तीच हाक फुटबॉलच्या शाहू स्टेडियमवर आली आणि तिचं ‘मारऽऽ!’ झालं.

मागच्या महिन्यात मी बघत होतो. नाव कुणाचं घेत नाही. सेंटर हाफच्या, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्याच्या, पायात बॉल. पोरगं गुणी, मान वर करून बघतंय. उजवीकडं त्याचा जोडीदार एकटा, हात वर करून उभा. एक पास, की गोलकिपर आणि तो समोरासमोर. तेवढ्यात गॅलरीतनं ‘मारऽऽ!’ पोरानं मारला. चाळीस यार्डांवरनं. बॉल थेट गॅलरीत, एका काकांच्या हातातल्या वड्यावर. वडा गेला, बॉल गेला, आणि काका काय म्हणाले? ‘असू दे, पण शॉट बघा कसला!’

आता मुद्द्याकडं येतो. नाही, त्याआधी एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय मुद्दा कळायचा नाही.

टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाल्यावर पेनल्टी मारून निकाल लावणं, मला बघवत नाही. 1970 साली तो नियमात आला म्हणतात. ज्यानं आणला त्याला रक्तदाब नसणार. टायब्रेकर लागला की मी उठतो आणि गॅलरीच्या बाहेर, मैदानाकडं पाठ करून उभा राहतो. बरीच वर्षं झाली, एक उपांत्य सामना होता. समोर कोण होतं ते विचारू नका, सभागृहात सगळ्या पेठा बसल्यात. मी भडंगवाल्याच्या पाटीपाशी उभा, हातात पुडा, घशाखाली एक दाणा उतरत नाही. वरनं आवाज आला, की मी मोजायचो. आमचा गेला. त्यांचा गेला. आमचा गेला. शेवटी असा आरडाओरडा झाला, की मी पुडा उधळला आणि भडंगवाल्याला मिठी मारली. तो शांतपणे म्हणाला, ‘मालक, तुमचा चुकलाय.’

मी म्हटलं, तुम्हाला काय दिसतंय इथनं? तो म्हणाला, ‘दिसत नाही, ऐकू येतंय. तुमचा गोल झाला तर आवाज या डोक्यावरच्या टोकाकडनं सुटतो. हा त्या टोकाकडनं सुटला. आणि त्याच्या आधी इथं वर काय झालं? सगळे गप्प झाले. गोलकिपरनं धरलाय.’ मी जिना चढून वर गेलो. धरला होता. खाली आलो, तर त्यानं उधळलेल्या पुड्याचे पैसे मागितले. सामना हरल्याचं दुःख एवढं नाही, पण त्या दिवशी त्यानं मिठीचे पैसे लावले नाहीत हे नशीब.

त्या माणसानं मला शहाणं केलं. सामना कानानं कळतो. त्यानंतर मी मुद्दाम ऐकायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं, की आपला खेळाडू पायानं कमी आणि कानानं जास्त खेळतो. आपल्यात गुण नाहीत असं कोण म्हणेल? अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं खेळला. निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागान संघापर्यंत गेला. तिथं पेठ नव्हती, ‘मार’ म्हणणारे काका नव्हते…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, मुद्दा आत्ता कुठं सुरू होतोय!

बरं, भराभर. रविवारचा सामना पहिल्या वीस मिनिटांत ठरणार. जो संघ त्या वीस मिनिटांत बॉल पायात ठेवून मागं-पुढं फिरवेल, त्याच्याच गॅलरीचा आधी धीर सुटेल. तिथं जो सेंटर हाफ बहिरा होईल, तो जिंकेल. दोन्ही प्रशिक्षकांना माझं सांगणं : फ्री किक सोडले, तर लांबचे शॉट पूर्वार्धात बंद. परदेशी स्ट्रायकर आणलाय म्हणून प्रत्येक बॉल त्याच्या डोक्यावर टाकू नका. त्याला डोकं आहे तसे पायही आहेत. आणि साठाव्या मिनिटानंतर फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, दमतात, तेव्हा बाजूनं पळणारं ताजं पोरगं उतरवा.

दुसरं, चौकात डिवचणारे फलक लावणाऱ्या पोरांसाठी. सामन्याआधी जास्त बोलू नका. 1997 च्या फेडरेशन कपात मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त खेळाडूंच्या ‘डायमंड’ रचनेच्या जोरावर समोरच्या ईस्ट बंगालच्या पोरांची नावं घेऊन थट्टा करत होते. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाच्या वर माणूस. ईस्ट बंगालच्या भायचुंग भुतियानं तीन गोल मारले, निकाल 4-1. डायमंडचा कोळसा झाला. तेव्हा चौकातला तो नवा फलक, कुठला ते कळलंय तुम्हाला, रविवारपर्यंत झाकून ठेवा.

तिसरं होतं पोलीस बंदोबस्ताबद्दल, ते राहू द्या. गाड्या लांब लावा, एवढंच.

निकाल काय लागेल? तिसऱ्या रांगेला ऐकायचंय. 2-1. कुणाच्या बाजूनं ते मी इथं बोलणार नाही, मला घरी चालत जायचंय. आणि बरोबरी होऊन टायब्रेकर लागला, तर मी भडंगाच्या पाटीपाशी सापडेन. तो माणूस आता नाही, त्याचा मुलगा असतो. त्याला मी आधीच सांगून ठेवलंय : पुडा बांधून दे, पण वरचा आवाज काय म्हणतोय ते मला सांगू नको.

आभार मानणारे शिवाजी पेठेचे आहेत. या, माईक घ्या. चालू ठेवलाय.