दुहेरीचा खेळाडू जगतो कसा? टेनिसमधल्या एका वेगळ्या करिअरची गोष्ट

नमस्कार मंडळी! इंदूरहून तुमचं मनापासून स्वागत.

आज टेनिस, आणि टेनिसमध्येही फक्त दुहेरी. हा विषय घ्यायला कारण आहे. आपल्या रामबागेतल्या, सुदामानगरातल्या मराठी घरांमधली कितीतरी मुलं सकाळी रॅकेट पाठीला लावून निघतात. पोर सतरा-अठरा वर्षांचं होतं, एकेरीतली क्रमवारी एका जागी अडकते, आणि एक दिवस कोच म्हणतात, “काकू, याला आता दुहेरीकडे जास्त लक्ष द्यायला सांगू या.” की झालं! घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. पोरगं नापास झालं, असंच सगळे धरून चालतात.

मला हे अजिबात पटत नाही. दुहेरी ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यावर पंधरा-वीस वर्षांचं करिअर उभं राहू शकतं. पण त्यातला व्यवहार कठीण आहे आणि तो आपल्याला कुणी नीट समजावून सांगत नाही. आज तेच करू या.

सुरुवात आपल्याच गावापासून. 2014 साली, जानेवारी संपताना, इंदूर टेनिस क्लबवर डेव्हिस कपची, म्हणजे देशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, भारत विरुद्ध चायनीज तैपेई (तैवान) ही लढत झाली. भारत 5-0 असा जिंकला. त्या संघातली तीन नावं लक्षात ठेवा: रोहन बोपण्णा, साकेत मायनेनी आणि युकी भांबरी. युकी एकेरी खेळला. दुहेरीत बोपण्णाच्या जोडीला साकेत होता, भारतीय संघात अगदी नवा.

त्याच वर्षी इंचॉनच्या एशियन गेम्समध्ये साकेतनं सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा इंदूरला आला. या खेपेला चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धेसाठी. आणि एकेरीतलं आपलं पहिलं चॅलेंजर विजेतेपद त्यानं इथे, आपल्या कोर्टावर मिळवलं.

पुढे एकेरीत तो जागतिक क्रमवारीत 137 पर्यंत चढला. 2016 मध्ये अमेरिकन ओपनच्या मुख्य स्पर्धेत पोचला. पहिल्याच फेरीत पाचव्या सेटमध्ये पायात गोळे आले, हाताशी आलेला मॅच पॉइंट गेला, सामनाही गेला. त्यानंतर हळूहळू दुहेरी हेच त्याचं मुख्य काम झालं. युकीचं बघा. ज्युनियर ऑस्ट्रेलियन ओपनचा विजेता, 2018 मध्ये एकेरीत 83 वा. मग गुडघ्यानं दगा दिला आणि बराच काळ खेळ बंद राहिला. परतल्यावर त्यानं दुहेरीचा रस्ता धरला आणि 2025 च्या अमेरिकन ओपनमध्ये मायकल व्हीनसबरोबर थेट उपांत्य फेरी गाठली.

म्हणजे त्या आठवड्यात इंदूरला खेळलेले हे तिघंही शेवटी दुहेरीचेच खेळाडू म्हणून उभे राहिले. बोपण्णाकडे नंतर येतो. आधी दुहेरीत नेमकं काय वेगळं असतं ते बघू.

(स्क्रीनवर कोर्टाची आकृती)

एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36 फूट. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. लांबी तीच, 78 फूट. नऊ फूट वाढले आणि माणसं दुप्पट झाली, तेव्हा उलट मोकळी जागा कमी झाली. एकेरीत तुम्ही बेसलाइनवरून, म्हणजे मागच्या रेषेवरून, वीस-वीस फटक्यांची रॅली खेळून समोरच्याला दमवू शकता. दुहेरीत तो वेळच मिळत नाही. सर्व्हिस, रिटर्न, एक व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला फटका), संपला पॉइंट. बरेचसे पॉइंट पहिल्या चार फटक्यांत संपतात. म्हणून इथे चार गोष्टींना सोन्याचा भाव: सर्व्हिस, रिटर्न, नेटवरचा हात आणि डोकं.

आता एकच पॉइंट जवळून बघू या.

(स्क्रीनवर चार खेळाडूंच्या जागा)

सर्व्हिस करणारा बेसलाइनवर उभा आहे. त्याचा जोडीदार नेटजवळ, पाठ आपल्याकडे. त्याचा एक हात कमरेमागे गेलाय. बोटं बघा. एक बोट म्हणजे सर्व्हिस मधल्या रेषेवर, दोन म्हणजे अंगावर, तीन म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यात. त्यानंतर पंजा उघडला तर “मी आडवा पळणार”, मूठ मिटली तर “मी इथेच थांबणार”. प्रत्येक जोडीची खूण वेगळी, पण पद्धत हीच. मागून सर्व्हिस करणारा “हो” म्हणतो आणि चेंडू वर फेकतो.

आता हा नेटवाला काय करतो? कधीकधी तो मधल्या रेषेवर अगदी खाली वाकून बसतो, इतका की त्याच्या डोक्यावरून सर्व्हिस जाते. समोर रिटर्न मारणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही की हा डावीकडे झेपावणार की उजवीकडे. त्याची नजर चेंडूवरून क्षणभर हलते. तेवढंच हवं असतं. रिटर्न जरा वर उठला की संपलं, व्हॉली दोघांच्या मधून निघून जाते. म्हणूनच रिटर्नला ताकदीपेक्षा उंची महत्त्वाची. नेट मधोमध तीन फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट उंच असतं. चेंडू मधूनच, खाली, पुढे येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी पडला पाहिजे. हा एक फटका घोटायला वर्षं लागतात.

आणि तो मधून जाणारा चेंडू कुणाचा? सकाळी आपल्या इथल्या कुठल्याही कोर्टाजवळून गेलात तर मुलं ओरडताना ऐकू येतील: “मेरी!”, “छोड़!”, “पीछे!” वरच्या पातळीवर हे ओरडणं जवळजवळ बंद होतं. पाय ज्या दिशेला वळले त्यावरून दुसऱ्याला कळतं. हे कळणं सरावातून येतं, एकत्र जेवण्यातून येतं, एकत्र हरण्यातूनही येतं. माझ्या मते दुहेरीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

नियमही वेगळे आहेत. एटीपी टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, 2006 पासून दुहेरीत ड्यूसला ॲडव्हांटेज नसतो, म्हणजे 40-40 नंतर सलग दोन पॉइंट जिंकावे लागत नाहीत. 40-40 झालं की एकच निर्णायक पॉइंट, आणि रिटर्न कुठल्या बाजूनं घ्यायचा ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. एक-एक सेट झाला की तिसरा सेट नाही, थेट दहा पॉइंटचा टायब्रेक. दीड तासात दुकान बंद. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धांत, पुरुषांच्या आणि महिलांच्या दुहेरीत अजून ॲडव्हांटेज आहे आणि तिसरा सेटही पूर्ण खेळतात, पण टूरवरचा रोजचा सामना असा छोटा. त्यामुळे दोन-चार पॉइंटांवर आठवड्याची कमाई ठरते. अव्वल जोडीही पहिल्या फेरीत गारद होऊ शकते. हे पचवायला मन लागतं.

आता पैशाकडे येऊ. आई-वडिलांचा खरा प्रश्न हा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

2024 ची ऑस्ट्रेलियन ओपन घ्या. पुरुष एकेरीच्या विजेत्याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीला सात लाख तीस हजार, तेही दोघांत मिळून. क्रमवारीचे गुण मात्र दोघांनाही पूर्ण मिळतात, दोन-दोन हजार. गुण पूर्ण, पैसे मात्र वाटून, हे गणित खालपासून वरपर्यंत लागू आहे.

खाली तर ते फार बोचतं. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसांच्या स्पर्धेत दुहेरी जिंकलात तरी जोडीच्या हाती हजार डॉलरच्या आसपास रक्कम येते, ती वाटून घ्यायची. विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवणं. त्यात काही उरत नाही. 2024 मध्ये एटीपीनं एकेरीच्या पहिल्या 250 खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. दुहेरीच्या खेळाडूंना त्यात जागा नाही. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. टूर तोच, प्रवास तोच, दुखापती त्याच.

अजून एक अडचण. दुहेरीच्या ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या जोड्यांच्या यादीत, प्रवेश दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून मिळतो, आणि त्यासाठी एकेरीची क्रमवारीसुद्धा वापरता येते. म्हणजे एकेरीत वर असलेले दोघं हौसेनं एकत्र आले तर ते सहज आत जातात आणि वर्षभर फक्त दुहेरी खेळणारी जोडी बाहेर राहते. विजेत्याला 250 गुण देणाऱ्या स्पर्धेत साधारण सोळाच जोड्या असतात. आत शिरण्याचीच मारामार.

म्हणून जोडीदार ही या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट. क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्र असते, जोडीची नसते. तुमचा अंक घसरला की जोडीदाराला दुसरा शोधावा लागतो, त्याचा घसरला की तुम्हाला. दर आठवड्याला मेसेज सुरू: “पुढच्या आठवड्यात मोकळा आहेस का?” फार जवळचे मित्रसुद्धा या बेरजेपायी वेगळे होतात आणि पुढच्या महिन्यात नेटच्या पलीकडे उभे असतात. लिअँडर पेस आणि महेश भूपती 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत खेळले, त्यातली फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकली. डेव्हिस कपमध्ये सलग 24 सामने जिंकले. आणि तरीही टूरवर ते टिकून एकत्र राहिले नाहीत. इतकी नाजूक गोष्ट आहे ही.

उलट योग्य माणूस भेटला तर काय होतं ते सानियाकडे बघा. एकेरीत ती जगात 27 वी होती, भारतीय मुलीसाठी अभूतपूर्व. मनगट आणि गुडघ्याच्या दुखापतींनंतर तिनं एकेरी सोडली. मार्टिना हिंगिसबरोबर जोडी जमली आणि 2015 ते 2016 मध्ये दोघी सलग 41 सामने जिंकल्या. विम्बल्डन, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, ओळीनं तीन. सानियाचा फोरहँड आणि हिंगिसचा नेटवरचा हात, एकीची कमी बाजू दुसरीनं झाकली.

आता बोपण्णा. कूर्गचा मुलगा, उंच, सर्व्हिस तोफेसारखी. एकेरीत त्याची सर्वोत्तम क्रमवारी 213. 2010 मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली, ब्रायन बंधूंकडून हरले. 2017 मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. पण पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम काही हाती लागेना. दीड डझनाहून जास्त जोडीदारांबरोबर तो ग्रँड स्लॅम खेळला. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली. 2021 मध्ये पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही आणि सोडून द्यावं असं मनात आलं होतं, हे त्यानं स्वतः सांगितलंय. त्यानं अय्यंगार योग धरला, आपल्या पुण्यात वाढलेली पद्धत, आणि गुडघ्यांना आराम पडला.

मग मॅथ्यू एब्डन भेटला. 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अंतिम सामन्यात बोलेली आणि वावासोरी ही इटलीची जोडी समोर. पहिला सेट टायब्रेकमध्ये 7-0, दुसरा 7-5. वय 43. त्याच स्पर्धेनंतर तो दुहेरीत जगात पहिला झाला, या स्थानावर पहिल्यांदा पोचलेला सर्वांत वयस्क खेळाडू. त्याआधीचा विक्रम 38 वर्षांच्या राजीव रामचा. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये बोपण्णानं निवृत्ती जाहीर केली.

हे वय दुहेरीतच शक्य होतं. धावायला कोर्ट अर्धं, सामना छोटा, आणि अनुभवाला खरी किंमत. त्यामुळे अठराव्या वर्षी “संपलं” म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की यातली शिखरं तिशीनंतर येतात.

मराठी मुलांनीही ही वाट चोखाळलीय. गौरव नाटेकरनं 1994 च्या हिरोशिमा एशियन गेम्समध्ये पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. ऋतुजा भोसलेनं हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं. पुण्याच्या अर्जुन कढेनं 2024 मध्ये ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी टूरवरचं विजेतेपद मिळवलं.

आणि ज्यांना वाटतं की एकेरीचे तारे उतरले तर दुहेरीवाले उडून जातील, त्यांनी 2025 ची अमेरिकन ओपन आठवावी. मिश्र दुहेरी त्यांनी दोन दिवसांत उरकली, अंतिम सामना सोडून सेट चार गेमचे केले, बक्षीस दहा लाख डॉलर ठेवलं आणि बहुतेक जागा एकेरीतल्या बड्या नावांना दिल्या. गतविजेते सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी यांना वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास निमंत्रणावर, यावं लागलं. अंतिम सामन्यात समोर इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड. जिंकले कोण? एरानी आणि वावासोरी.

आता घरी काय करायचं, ते सांगतो. सतरा-अठराला एकेरी सोडू नका. एकेरीतूनच पाय, फटके आणि सामन्याचा दम तयार होतो, आणि ती क्रमवारी दुहेरीच्या प्रवेशालाही कामाला येते. पण आठवड्यातले दोन दिवस फक्त दुहेरीला द्या: रिटर्न खाली ठेवायचा सराव, पहिली व्हॉली, लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच मारलेला फटका). बहुतेक ठिकाणी मुलांना चौघांत सोडून सामना खेळायला लावतात आणि त्यालाच दुहेरीचा सराव म्हणतात. कोचना विचारा, रिटर्नची वेगळी बास्केट, म्हणजे टोपलीभर चेंडूंचा सराव, कधी घेणार?

जोडीदार निवडताना गावातला जवळचा मित्र एवढंच बघू नका. तुमचं पोर डाव्या कोर्टातून चांगलं रिटर्न करतं की उजव्या, ते आधी ठरवा आणि दुसऱ्या बाजूचा शोधा. एक डावखुरा मिळाला तर फारच उत्तम. स्पर्धेची प्रवेशाची मुदत संपायच्या आधी जोडीदाराशी बोलणं झालेलं असू दे, कारण ऐनवेळी उरलेल्यांतून निवडावं लागलं तर अख्खा आठवडा वाया जातो. आणि खर्च? दोन घरांनी मिळून एक कोच, एक खोली, एक टॅक्सी. टूरवरचे मोठे खेळाडूसुद्धा कोच वाटून घेतात. दुसऱ्या मुलाच्या आई-वडिलांना एकदा घरी बोलवा, पोहे खाता खाता वर्षभराचा हिशेब समोर मांडा. कुणी किती द्यायचं, एकाला दुखापत झाली तर काय, आणि वेगळं व्हायची वेळ आली तर किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं त्याच बैठकीत बोलून टाका.