तळघरातली टाकी आणि बोस्टनचा तेलाचा भाव

हा पूल वर चाललाय बघा. चेल्सी स्ट्रीट ब्रिज, बोस्टनच्या लोगन एअरपोर्टच्या मागच्या अंगाला. अख्खा रस्ता आडवाच्या आडवा वर जातो, दोन्हीकडे गाड्या खोळंबतात, सिल्व्हर लाइनची बससुद्धा, आणि खालून टँकर जहाज टगबोटींच्या मदतीने हळूहळू आत सरकतं. ही चेल्सी क्रीक, म्हणजे खाडी. विमानांचं इंधन इथेच येतं आणि आपल्या आजच्या विषयाचं, म्हणजे घर गरम ठेवायचं हीटिंग ऑइलही. काठावरच्या त्या पांढऱ्या टाक्या दिसतायत ना, त्यातून ते ट्रकमध्ये भरतात. आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे जे काही आहे ते बाहेरूनच.

आता हे बोस्टनजवळच्या वॉल्थममधलं एक तळघर. अमेरिकेत तेलावर गरम होणारी बहुतेक घरं या ईशान्येकडच्या राज्यांतच आहेत, कारण घरं जुनी आणि गॅसची लाइन सगळीकडे पोचलेली नाही. टाकी साधारण २७५ गॅलनची, म्हणजे आपल्याकडच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या सिन्टेक्सएवढी. वर काचेच्या नळीत तो लाल तुकडा दिसतोय, तो पाव वर आला की फोन करायचा. तेल म्हणाल तर जवळजवळ डिझेलच, फक्त लाल रंग घातलेलं, कारण यावर रस्त्याचा टॅक्स नसतो आणि ते कुणी गाडीत घालू नये.

भाव ठरतो कुठे, तर न्यूयॉर्कला. तिथल्या बाजारात १९७८ पासून हीटिंग ऑइलचे वायदे चालतात, एक सौदा ४२,००० गॅलनचा, डिलिव्हरी न्यूयॉर्क हार्बरला, आणि २०१३ पासून त्या सौद्यातला माल म्हणजे ट्रकमध्ये जातं तेच कमी गंधकाचं डिझेल, त्यामुळे युरोपात डिझेल महागलं की वॉल्थमच्या तळघरातही महागतं. त्यावर टर्मिनलचा रॅक प्राइस, म्हणजे काठावरच्या त्या टाक्यांतून ट्रक भरतानाचा घाऊक भाव, आणि त्यावर डीलरचं मार्जिन.

आणि खरी गंमत या शेवटच्या टप्प्यात आहे. हा फोनचा स्क्रीन बघा, गाव टाकलं की डीलरची यादी येते, आणि एकाच गावात एकाच दिवशी गॅलनमागे पन्नास सेंटचा फरक सहज सापडतो. यादीत वरचे स्वस्तवाले सगळे सीओडी, पैसे रोख, कमीत कमी शंभर गॅलन घ्या, बॉयलर बिघडला तर तुमचं तुम्ही बघा. फुल सर्व्हिसवाले, म्हणजे तेलाबरोबर बॉयलरचीही देखभाल करणारे, बहुतेक यादीत नसतातच! ते डिग्री डे मोजतात, म्हणजे दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या जितकं खाली तितके डिग्री डे, त्यावरून तुमची टाकी किती उतरली असेल याचा अंदाज काढून न सांगता येऊन भरून जातात. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण भाव कळतो तो दारात अडकवलेल्या पावतीवर. पेट्रोल पंपावर भाव रस्त्यावरून दिसतो, मग याचा का नाही?

ही डिलिव्हरी बघा आणि आवाज ऐका. तेल आत जातं तशी टाकीतली हवा पाइपमधून बाहेर पडते आणि शिट्टी वाजत राहते, ड्रायव्हर बाहेर उभा राहून फक्त ती ऐकतो. शिट्टी थांबली की टाकी भरली. मग ट्रकच्या मीटरमधून पावती निघते, गॅलन दशांशापर्यंत.

२०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धानंतर, इथे भाव पाच डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे २५० गॅलनला साडेबाराशे डॉलर. ज्यांना शंभर गॅलनही झेपत नाहीत ते पंपावरून पिवळ्या कॅनमध्ये डिझेल आणून ओततात, टॅक्ससकट.

सरकार भाव बघत नाही असं नाही. ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला राज्यातल्या डीलरना विचारून केंद्राचं ऊर्जा खातं सरासरी छापतं, हा त्याचाच चार्ट. पण सरासरीत तुमचा डीलर कुठला ते दिसत नाही, आणि एप्रिल उजाडला की हा आठवड्याचा आकडाही थांबतो. पुढच्या हिवाळ्याचे प्री-बाय (तेलाचे पैसे आधीच भरून ठेवायचे) आणि कॅप प्राइस (भाव ठरलेल्या मर्यादेवर जाणार नाही) यांचे कागद मात्र नेमके उन्हाळ्यातच सहीला येतात. निदान तेव्हा तरी प्रत्येक डीलरने आपला भाव उघड लावावा, आणि कॅपसाठी वेगळे पैसे किती घेतो तेही.