शाळेच्या समितीत कोण बसणार?

श्रोतेहो, नमस्कार. आज जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरे, कारण थोडा हिशोब करायचा आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या शाळांत ज्यांची मुले शिकतात त्यांच्या तर हा हिशोब फारच कामाचा आहे. शाळेला आलेला पैसा आधी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला लावायचा की गळक्या छताला, हे ज्या समितीत ठरते त्या समितीत कोण बसणार, त्याचा हा हिशोब.

पूर्वी महापालिकेचे शिक्षण मंडळ असे. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली ही मंडळे चालत आणि शाळांचा बराचसा कारभार त्यांच्या हाती असे. २०१३ मध्ये राज्याने ती रद्द करण्याचा कायदा केला. आता शाळेबद्दलचे निर्णय मुख्यतः दोन ठिकाणी होतात. एक महापालिकेचे सभागृह आणि त्याच्या समित्या, दुसरी प्रत्येक शाळेची शाळा व्यवस्थापन समिती. दोन्हीकडे माणसे नेमायचे नियम आहेत. फरक इतकाच, की सभागृहात हे नियम अपूर्णांकापर्यंत पाळले जातात. शाळेत मात्र पुष्कळदा अर्ध्या तासात यादी उरकली जाते.

आधी सभागृहाचे पाहू, कारण तिथली रीत आपल्याला पुढे उसनी घ्यायची आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१ अ सांगते, की समित्यांवरचे सदस्य पक्षांच्या आणि गटांच्या तौलनिक संख्याबळानुसार नेमायचे. नवी मुंबईत निवडून आलेले नगरसेवक १११. स्थायी समितीचे सदस्य १६. १११ ला १६ ने भागले की ६.९४ येतात, म्हणजे साधारण सात नगरसेवकांमागे एक जागा. आता समजावण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. चार गट आहेत: ५० चा, ३८ चा, १५ चा आणि ८ चा. प्रत्येकाला ६.९४ ने भागा. उत्तरे येतील ७.२०, ५.४८, २.१६ आणि १.१५. आधी पूर्णांक वाटायचे: सात, पाच, दोन, एक. झाल्या १५ जागा. उरली एक. ती ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला जाते. इथे ०.४८ मोठा, म्हणून ३८ च्या गटाला सहावी जागा मिळाली. एकाहून जास्त जागा उरल्या, तर अपूर्णांकांच्या उतरत्या क्रमाने एकेक वाटत जायचे.

हेच गणित ९ जणांच्या एखाद्या विशेष समितीला लावून पाहा. १११ भागिले ९ म्हणजे १२.३३. तेच चार गट, उत्तरे ४.०५, ३.०८, १.२२ आणि ०.६५. पूर्णांकांतून आठ जागा गेल्या आणि ८ जणांच्या गटाच्या वाट्याला शून्य आले. पण उरलेली नववी जागा ०.६५ वाल्याला, म्हणजे त्याच सर्वांत लहान गटाला जाते. समितीचा आकार बदलला की कोणाचा माणूस आत येतो, तेही बदलते. म्हणून समिती किती जणांची करायची यावरच सभागृहात आधी ओढाताण होते, आणि ती समजून घेण्यासारखी असते.

गटांच्या बाबतीत एक मुदत महत्त्वाची आहे. निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एका महिन्याच्या आत पक्षांना, गटांना किंवा अपक्षांना आघाडी करून नोंदवता येते. ठाणे आणि नवी मुंबईची ही नोंदणी बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांकडे होते. एकदा नोंदणी झाली की ती आघाडी निवडणुकीआधीच्या आघाडीसारखीच धरली जाते, आणि पक्ष बदलणाऱ्याचे सदस्यत्व घालवणारा सदस्य अपात्रतेचा कायदा तिला लागू होतो. एकटादुकटा अपक्ष या महिन्यात कुठल्या गटात गेला नाही, तर त्याचे संख्याबळ एकच राहते आणि समितीचे दार त्याला जवळजवळ बंद होते.

किती जागा कोणाला, हे गणिताने ठरले. त्या जागांवर नेमकी कोणती माणसे, हे मात्र गटनेता ठरवतो. नावे बंद पाकिटात येतात आणि सभेत जाहीर होतात. एखाद्या नगरसेविकेने वीस वर्षे बालवाडी चालवलेली असली, तरी गटनेत्याने तिचे नाव शिक्षणाच्या समितीसाठी दिले नाही तर ती तिथे बसत नाही. मतदारांनी आपल्या नगरसेवकाला विचारायचे असेल, तर ते पाकीट बंद होण्याआधी. नंतर विचारून हाती काही लागत नाही.

आता शाळेकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. अनुदानित अल्पसंख्याक शाळेत तिचे काम फक्त सल्ला देण्याचे. खासगी विनाअनुदानित शाळेत ही समितीच नसते. तिथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीने निवडतात, तो वेगळा विषय.

महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ जणांची असते. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, ते या आकड्यात धरायचे नाहीत. किमान ७५ टक्के सदस्य पालक, आणि ते पालकसभेतूनच निवडायचे. बाकी तीन जण असे: महापालिकेचा एक निवडून आलेला प्रतिनिधी, त्याची निवड महापालिका करते, शाळेतल्या शिक्षकांनी आपल्यातून दिलेला एक शिक्षक, आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ, तो पालकसभेने निवडायचा. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांतूनच. समितीची मुदत दोन वर्षे, बैठक महिन्यातून किमान एकदा.

१६ ची समिती घ्या. ७५ टक्के म्हणजे १२ पालक, उरले चार. पण बाहेरचे सदस्य तीनच आहेत. ही सोळावी खुर्ची कोणाची? इथे पुष्कळ शाळांत कोणीतरी ‘प्रतिष्ठित नागरिक’ आणून बसवला जातो. कायद्यात ७५ टक्क्यांच्या आधी ‘किमान’ आहे, हे विसरू नका. ती खुर्ची पालकाची. १३ पालक आणि ३ इतर, असे १६ करा.

महिलांच्या निम्म्या जागांतही एक खाच आहे. १६ पैकी ८ महिला हव्यात. महापालिकेचा प्रतिनिधी, शिक्षक आणि तज्ज्ञ, तिघेही पुरुष आले तर आठही महिला पालकांमधूनच याव्या लागतील. त्या तिघांची नावे बहुधा पालकसभेनंतर येतात, तोवर पालकांमधून सहाच महिला निवडून झालेल्या असतात. मग गणित चुकते आणि कागदावर कोणाच्या तरी पत्नीचे नाव घातले जाते. त्यापेक्षा १३ पालकांत सुरुवातीलाच ८ आया निवडून टाकाव्यात. पुढे कोणीही आले तरी अडत नाही. आणि निवडलेली आईच बैठकीला यावी. तिच्याऐवजी नवरा येऊन सही करतो, ही पद्धत मोडायलाच हवी. सदस्य ती आहे, तो नाही.

वंचित गट (अनुसूचित जाती-जमाती वगैरे) आणि दुर्बल घटक (कमी उत्पन्नाची कुटुंबे) यांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायच्या, असे कायदा म्हणतो. पण भागाकार कसा करायचा हे सांगत नाही. इथे सभागृहाची रीत उसनी घेऊ. समजा पट ४२०, त्यात या गटांतली मुले १८०, पालकांच्या जागा १३. १८० ला ४२० ने भागून १३ ने गुणा: ५.५७. बाकीच्यांचे ७.४३. पूर्णांक पाच आणि सात, उरली एक जागा, मोठा अपूर्णांक ०.५७. म्हणजे सहा जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना, सात बाकीच्यांना. ‘पाचच पुरेत’ असे कोणी म्हटले तर हा हिशोब फळ्यावर मांडा. अपंग मुलांचे पालकही वंचित गटातच मोडतात, हे सभेत अनेकांना ठाऊक नसते.

इयत्तांचेही तसेच. पहिली ते सातवीच्या शाळेत १३ पैकी सात जागा प्रत्येक इयत्तेला एक अशा द्या, उरलेल्या सहा ज्या इयत्तांचा पट मोठा त्यांना. फक्त सातवीत जास्त जागा देऊ नका. मुदत दोन वर्षांची आहे आणि सातवीचे मूल पुढच्या जूनला शाळेतून जाते. मूल गेले की पालक म्हणून ती खुर्ची रिकामी. वर्षाच्या आत चार खुर्च्या रिकाम्या झालेली समिती नावालाच उरते.

पालकसभेची वेळ हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, असे आमचे मत. तुर्भ्याच्या बाजूला बाजार समितीत रात्रभर माल चढवणारा-उतरवणारा बाप सकाळी झोपलेला असतो. नाक्यावर काम शोधणारा आठच्या आत नाक्यावर हवा. घरकाम करणाऱ्या आया दुपारी एक-दोनपर्यंत मोकळ्या होत नाहीत. अशा वस्तीत बुधवारी सकाळी अकराला सभा बोलावली, तर कोण येणार हे आधीच ठरलेले असते. रविवार, किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ मागा. सूचना निदान आठ दिवस आधी आणि मुलांच्या वहीतल्या चिठ्ठीवर न थांबता फाटकावर लावलेली असावी. मुंब्र्यातल्या उर्दू शाळेत ती उर्दूत हवी, दिघ्यात हिंदी बोलणाऱ्या पालकांसाठी हिंदीत हवी.

सभेत मतदान हात वर करून झाले तरी चालते, पण मोजणी मोठ्याने व्हावी आणि आकडे वहीत जावेत. आता त्या इतिवृत्ताच्या वहीकडे नीट पाहा. शेवटचा ठराव आणि खालच्या सह्या यांच्यात तीन-चार ओळी कोऱ्या सोडलेल्या दिसल्या, तर सही करण्याआधी त्या जागेत तिरकी रेघ मारायला सांगा. नंतर त्याच ओळींत नावे उगवतात. दुसरे, उपस्थितीच्या सह्या सुट्या कागदावर घेऊ देऊ नका. पोषण आहाराच्या बैठकीच्या सह्यांचा कागद निवडणुकीच्या सभेला जोडता येतो. सह्या वहीतच, तारखेखालीच.

महापालिकेच्या प्रतिनिधीची खुर्ची आपल्या भागात बराच काळ भरता येत नव्हती. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता, निवडून आलेले सभागृहच नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नवी मुंबईला १११ आणि ठाण्याला १३१ नगरसेवक मिळाले. शाळेच्या फलकावर ही जागा अजून कोरी असेल, तर मुख्याध्यापकांनी शिक्षण विभागामार्फत महापालिकेकडे नाव मागायला हवे. आणि हा प्रतिनिधी समितीचा अध्यक्ष होऊ शकत नाही. अध्यक्ष पालकच.

या सगळ्याला एवढे महत्त्व का, तर पैशामुळे. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतल्या शाळा अनुदानात २५१ ते १००० पटाच्या शाळेला वर्षाला ७५ हजार आणि हजाराच्या वर पट असेल तर एक लाख रुपये, अशी तरतूद आहे. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. समितीच्या बँक खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या लागतात. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवणारा अध्यक्ष निवडला, तर बाकी सगळे गणित वाया गेले. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडाही हीच समिती तयार करते, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात शाळेची मागणी जायची असेल तर तो डिसेंबरच्या आत तयार हवा. मार्चमध्ये केलेला आराखडा त्या वर्षाच्या उपयोगाचा नसतो.

समितीची यादी शाळेच्या दर्शनी भागात लावलेली नसेल, तर आधी मुख्याध्यापकांना लेखी विचारा. उत्तर आले नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा, ठाण्यात पाचपाखाडीला, नवी मुंबईत बेलापूरच्या मुख्यालयात. मुलांच्या हक्काबाबतची तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी करता येते आणि तीन महिन्यांत तिचा निर्णय द्यावा लागतो. नुसती कागदपत्रे हवी असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्जात मोघम ‘समितीची माहिती’ मागू नका. पालकसभेची सूचना, तिची तारीख, इतिवृत्ताची प्रत, उपस्थितीच्या सह्यांची प्रत आणि पहिल्या बैठकीतला अध्यक्ष निवडीचा ठराव, अशा पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. तीस दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात.