यंत्रानं ठरवलं, पण सही कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की हल्ली गावातली तरणी पोरं आधी पानाचा फोटो काढतात आणि मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे एआयला, विचारतात. अर्ध्या मिनिटात उत्तर हजर. रोगाचं नाव, औषध, पंपाला किती मिली, सगळं. आणि बोलणं इतकं ठाम, की आपला कृषी सहायकसुद्धा एवढ्या ठामपणे बोलत नाही.

आता पान पिवळं का पडतं ते बघा. पिवळा मोझॅक असेल तर तो विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीनं पसरवलेला. पानावर हिरवे-पिवळे चट्टे पडतात आणि रोगट झाड उपटून टाकावं लागतं. पण आपल्या चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळालं नाही तरी सोयाबीन पिवळं पडतं. त्यात शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी साचून मुळं गुदमरली तरीही पीक पिवळंच. फोटोत पान दिसतं. खालची चुनखडी दिसत नाही, परवा रात्रभर झालेला पाऊस दिसत नाही. बांधावर उभा राहिलेला जाणता माणूस पान उलटं करून माशी आहे का ते बघतो, शेजारच्या तासातलं झाड बघतो, मग बोलतो. यंत्रानं हे न विचारताच उत्तर दिलं, तर जिथं लोह देणाऱ्या हिराकसाच्या फवारणीवर भागलं असतं तिथं कीटकनाशकाचे डबे रिकामे होतात.

त्या डब्यांचे पैसे कोण देणार? ॲपमध्ये कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, उत्तर चुकीचं असू शकतं, तपासून घ्या. म्हणजे सल्ला त्यांचा, भुर्दंड आपला.

मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विरोधात बोलायला बसलेलो नाही. राज्य सरकारनं 2025 च्या जूनमध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला 500 कोटी रुपये ठेवले. ज्या मावशीला लिहिता येत नाही तिला ‘सोयाबीन पिवळं पडायलंय, काय करू?’ एवढं बोलून विचारता यावं, याला मी लहान गोष्ट मानत नाही. माझी हरकत एकाच जागी आहे. गारपीट झाली, पूर आला, की आपल्याकडं पंचनामा होतो. 2025 च्या सप्टेंबरात शेतं खरडून गेली तेव्हाही झाले. पंचनाम्याखाली तलाठ्याची सही असते, पंचांच्या सह्या असतात, अंगठे असतात. तो चुकला तर कोणाच्या दारात जायचं हे आपल्याला ठाऊक असतं. यंत्राच्या निर्णयाखाली मात्र सहीची जागाच नसते.

पीकविम्याचंच घ्या. 2023 पासून त्यात उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पादनाचा अंदाज काढायची पद्धत आली आहे. तो अंदाज पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यात मिसळला जातो. कापणी प्रयोग रानात होतो. चार माणसं बघतात, वजन होतं, पटलं नाही तर तिथल्या तिथं भांडता येतं. आणि आपण भांडतोही, हे काही लपून राहिलेलं नाही. उपग्रहाच्या आकड्याशी भांडायचं कुठं? तो आकडा कसा काढला, हे सोप्या मराठीत गावाला सांगायची जबाबदारी कोणीतरी नावानिशी घेतली पाहिजे.

ही भीती मनची नाही. देगलूर, धर्माबाद ओलांडलं की तेलंगण. तिथं ‘समग्र वेदिका’ नावाची सरकारी यंत्रणा आहे. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी, म्हणजे कोणाच्या नावावर गाडी, कोणाचं घर, हे सगळं ती नाव आणि पत्ता जुळवून एकत्र करते. एका रिक्षा ओढणाऱ्या गरीब माणसाला तिनं नावाच्या सारखेपणावरून मोटारीचा मालक ठरवलं आणि त्याच्या घरचं रेशन बंद झालं. कार्यालयातली माणसंही आपल्या डोळ्यांपेक्षा संगणकावर जास्त विश्वास ठेवत होती. शेवटी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की रद्द केलेल्या सुमारे 19 लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करा. आणि हे गरिबांच्याच देशात घडतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपन भत्त्यात हजारो कुटुंबांना खोटं ठरवलं गेलं. संशयित निवडायच्या कामात संगणकाची प्रणालीही होती. त्या प्रकरणात 2021 च्या जानेवारीत तिथल्या सरकारनं राजीनामा दिला.

आपल्या गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-तीन ज्ञानोबा निघतात, बापाचं नावही मारुतीच. आपण त्यांना मळ्यातला, वेशीतला, वाड्यावरचा म्हणून ओळखतो. संगणकाच्या रकान्यात ‘वेशीतला’ कुठं लिहिणार?

आणि बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचा विचार करा. ती निघाली की महिनोन्‌महिने घराला कुलूप, विजेचं बिल नावापुरतं, पोरं शाळेच्या पटावर पण वर्गात नाहीत. समजा, खोटे लाभार्थी हुडकायला एखादी प्रणाली बसवली आणि तिला शिकवलं, की बंद घर म्हणजे संशयित घर. कारखान्याच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला आपलं नाव यादीतून गेल्याचं गावी परतल्यावर कळेल. असली प्रणाली बसवण्याआधी कोणीतरी टेबलावर हात आपटून विचारायला हवं, की आमच्या जिल्ह्यात माणसं हंगामाला बाहेर जातात, हे हिला सांगितलंय का? हा प्रश्न पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरला सुचणार नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

सही सरकारनंच करायची, आपण मोकळे, असंही नाही बरं का. सेवा केंद्रावर आता अर्जसुद्धा एआयकडून लिहून घेतात. मजकूर झकास उतरतो, पण न विचारता एखादं कलम घुसतं, गट नंबर बदलतो, आणि खाली सही आपल्या बापाची असते. अर्ज मोठ्यानं वाचून घ्या, मगच सही करा.

आवाजाचं तर विचारूच नका. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून माणसाचा हुबेहूब आवाज तयार होतो. ‘अण्णा, अपघात झालाय, या नंबरवर पैसे टाका,’ असा पुण्यात शिकणाऱ्या पोराचा रडका आवाज आला, तर फोन ठेवा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितका पैसा हाताबाहेर. आणि पंचायतीच्या निवडणुकीत विरोधकाच्या तोंडी खोटं भाषण घालणाऱ्या पुतण्याला ‘हुशार आहे पोरगं’ म्हणून डोक्यावर घेऊ नका. तो गुन्हा आहे.

आता कामाचं सांगतो. ‘सिस्टीममध्ये नाव येत नाही’ असं खिडकीतून ऐकू आलं, तर तिथून लगेच हलू नका. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेली सेवा नाकारायची, तर अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. इतर बाबतींत 2005 चा माहिती अधिकार आहेच. 10 रुपयांचं शुल्क भरून अर्ज करायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. अर्जात तीन गोष्टी विचारा. माझं नाव कोणत्या निकषावर वगळलं, ती नोंद कुठून घेतली, आणि हा निर्णय कोणत्या अधिकाऱ्यानं तपासला, त्याचं नाव आणि पद काय. उत्तरासाठी साधारण 30 दिवसांची मुदत असते. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट मागून घ्या.

नमस्कार.